मोतीबिंदूचं ऑपरेशन: कधी करायचं, कुठलं करायचं आणि लेन्स कुठली टाकायची

मोतीबिंदू आहे असं सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, पिकलाय का? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, लेझरने होईल ना? मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर काढणं, लेन्सचं माप घेणं हे माझं काम, ऑपरेशन डॉक्टर करतात. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंट आणि त्यांचे मुलं-सुना सगळ्यात जास्त वेळ आमच्यासमोर बसलेले असतात, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते रोज दिसतं. हे दोन प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्यापेक्षा आजीआजोबा दिवसभर डोळ्यांनी काय काम करतात ते एका कागदावर लिहून आणा, निम्मा निर्णय तिथेच होतो, हे पुढे कळेलच.

मोतीबिंदू म्हणजे नक्की काय होतं

डोळ्याच्या काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते आंब्यासारखं आहे असं समजा, बाहेरून पातळ साल, आत मऊ गर आणि मधोमध कोय. हे भिंग वयाप्रमाणे गढूळ व्हायला लागलं की तो मोतीबिंदू. डोळ्यावर वाढणारा पडदा नाही, मांस नाही, आणि बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या काचेवर, दिसणारं पांढरं फूल हा तर वेगळाच प्रकार आहे, त्याचा मोतीबिंदूशी संबंध नाही. काचबिंदू हाही वेगळा, तो डोळ्याच्या प्रेशरचा आणि नसेचा आजार, त्यात गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूत गेलेली नजर, बाकी डोळा चांगला असेल तर, परत येते. हा फरक घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, कारण "बिंदू आहे म्हणाले" एवढंच ऐकून लोक घरी जातात आणि कुठला बिंदू ते कुणालाच आठवत नाही.

केसपेपरवर "एनएस २" असं काही लिहिलेलं असेल तर कोय घट्ट आणि पिवळी-तपकिरी होत चालली आहे, आकडा म्हणजे किती घट्ट ते. "कॉर्टिकल" म्हणजे गरात पांढऱ्या रेघा. आणि "पीएससी" म्हणजे मागच्या सालीला चिकटून डाग आलाय, हा सगळ्यात त्रासदायक, कारण डाग छोटा असला तरी नेमका मधे असतो, उन्हात बाहुली बारीक झाली की दिसायचं कमी होतं आणि वाचताना वैताग येतो. डायबेटीसवाल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा लवकर होतो, चाळिशीतही.

कारणांमध्ये वय हे मुख्य. मग शुगर, डोळ्याला मार, सिगरेट, वर्षानुवर्षं उन्हातलं काम, आणि स्टेरॉइड. इथे एक गोष्ट ठासून सांगते. डोळे लाल झाले, खाज आली की मेडिकलमधून "मागच्या वेळचाच ड्रॉप द्या" म्हणून आणतात आणि महिनोन्‌महिने घालतात, त्यातल्या कित्येक ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं, आराम पटकन पडतो म्हणून आवडतं, आणि मग तरुण वयात मोतीबिंदू आणि वर काचबिंदूही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड वेगळं, ते बंद करू नका. स्वतःच्या मनाने आणलेलं बंद करा.

मोतीबिंदू विरघळवणारा ड्रॉप, गोळी, आसन, डोळ्याचा व्यायाम असं काहीही आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. डोळ्यात मध घालणं, कांद्याचा रस घालणं यात तर बुबुळाला जखम होऊन पिकतं, आणि मग ऑपरेशन करूनही दिसत नाही कारण समोरची काचच खराब झालेली असते.

ओळखायचं कसं

दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून लोकांना कळतच नाही. आधी रात्री समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यात फुटायला लागतो. चष्म्याचा नंबर सहा-आठ महिन्यांत परत बदलतो, नवीन चष्मा करूनही "ती मजा नाही" वाटते. पांढरा शर्ट पिवळट दिसतो, निळा आणि काळा दोरा ओळखता येत नाही, एका डोळ्याने बघितलं तर चंद्र दोन-तीन दिसतात. काहींचं उलटंच होतं, सत्तरीच्या आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागतो आणि सगळ्या घराला आनंद होतो, तर तो आनंद थोडे दिवसांचा असतो, कोय घट्ट झाल्यामुळे मायनस नंबर आलेला असतो म्हणून जवळचं दिसतं, लांबचं तेवढंच गेलेलं असतं.

लहान बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर मात्र एक दिवस थांबू नका. बाळांनाही जन्मतः मोतीबिंदू असू शकतो, आणि मेंदू बघायला शिकायच्या वयात डोळा झाकलेला राहिला तर नंतर ऑपरेशन करूनही पूर्ण नजर येत नाही, शिवाय तशीच चमक डोळ्याच्या कॅन्सरमध्येही असते.

पिकायची वाट का बघायची नाही

ही समजूत जुन्या ऑपरेशनवरून आलीय आणि त्या काळी ती बरोबरच होती. तेव्हा अख्खं भिंग सालीसकट काढायचे, कच्चं असेल तर नीट निघायचं नाही, वर टाके, कित्येक दिवस पाठीवर सरळ झोपून राहायचं, आणि शेवटी आत लेन्स नाहीच, दहाच्या आसपास प्लस नंबरचा जाड चष्मा. जुन्या फोटोंत आजोबांचे डोळे मोठ्ठे दिसतात ना, तोच चष्मा. १९४९ साली लंडनला हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली. लढाईत विमानाच्या कॉकपिटच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले तरी डोळा ते सहन करतो हे त्यांनी बघितलं होतं, म्हणून त्याच प्लॅस्टिकची लेन्स केली. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी फेको आणलं, म्हणजे भिंग आतल्या आत फोडून लहान छेदातून काढायची पद्धत. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून लेन्स इथेच बनवायला घेतल्या आणि किमती एवढ्या खाली आल्या की शिबिरातल्या माणसालाही लेन्स मिळायला लागली.

सांगायचं एवढंच की आता पिकायची गरज नाही, उलट पिकला की काम अवघड होतं. कोय दगडासारखी झाली की फोडायला जास्त ताकद लागते, बुबुळाच्या आतल्या पेशींना मार बसतो आणि त्या पेशी परत तयार होत नाहीत. अति पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा आतून पाझरून डोळ्याचं प्रेशर वाढवतो, मग डोळा लाल, भयंकर दुखणं, डोकं ठणकणं, उलट्या. असं झालं तर रात्रीच्या रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, ॲसिडिटी समजून गोळी देऊन झोपवायचं नाही. अशा डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते.

म्हणून कधी करायचं तर रोजच्या कामाला नड यायला लागली की. गाडी चालवणाऱ्याला ६/१२ लाच (म्हणजे चांगल्या डोळ्याला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) नड येते, घरात बसून पोथी वाचणाऱ्या आजीला ६/१८ वरही येत नाही. काही त्रास नसेल तर थांबायला काहीच हरकत नाही, सहा महिन्यांनी दाखवत राहा, नुसता "सुरुवात आहे" म्हणून घाईने ऑपरेशन करायचं कारण नाही. अपवाद दोन, डायबेटीसमुळे डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासायचाय आणि मोतीबिंदूमुळे दिसत नाही, किंवा भिंगामुळे प्रेशर वाढतंय, तेव्हा डॉक्टर लवकर करायला सांगतात. आणि थंडीतच करायचं, उन्हाळ्यात पू होतो, हे सोडून द्या. स्वच्छ ऑपरेशन थिएटर आणि नीट घातलेले ड्रॉप, यावर ते अवलंबून आहे. शेतकऱ्यांनी फक्त आपल्या कामाचा हंगाम बघून तारीख घ्यावी, कारण नंतर तीन-चार आठवडे मळणीच्या धुळीत आणि गोठ्यात काम करणं बरोबर नाही.

तपासण्या, इथे घाई नको

आधी नंबर काढून चष्म्याने किती दिसतंय ते बघतात. मग मशीनवर भिंग बघतात, डोळ्याचं प्रेशर, आणि बाहुली मोठी करायचा ड्रॉप घालून मागचा पडदा. ड्रॉप घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, म्हणून पेशंटने स्वतः गाडी चालवत येऊ नका. पडदा बघणं फार महत्त्वाचं, कारण पडदाच खराब असेल तर कितीही भारी लेन्स टाकली तरी मर्यादितच दिसणार, आणि हे ऑपरेशनच्या आधी समजलेलं बरं. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा दिसतच नाही, तर सोनोग्राफी करतात, तिला बी-स्कॅन म्हणतात. डोळ्याच्या कोपऱ्यातली अश्रूंची नळी मोकळी आहे का तेही पाणी घालून बघतात, तिथे पू असेल तर आधी त्याचा इलाज.

मग येते बायोमेट्री, म्हणजे लेन्सचं माप. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून लेन्सचा नंबर काढतात. लांबी साधारण २३-२४ मिलिमीटर असते, त्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने फिरतो, यावरून समजा. म्हणून आम्ही परत परत मोजतो, "हनुवटी टेकवा, हलू नका, लाल दिव्याकडे बघा", आजोबा वैतागतात, वैतागू द्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापाच्या आधी काही दिवस बंद ठेवावी लागते, किती ते विचारा, कडक लेन्सला जास्त दिवस लागतात. डोळे कोरडे असतील तर माप नीट येत नाही, आधी त्याचे ड्रॉप. आणि पूर्वी नंबर घालवायचं लेझर झालेलं असेल, लॅसिक वगैरे, तर ते न विसरता सांगा आणि तेव्हाचे जुने कागद असतील तर आणा, कारण नेहमीचा हिशोब त्या डोळ्याला लागू पडत नाही.

औषधांची पिशवी सोबत आणा, सगळी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतलेलं असेल तर सर्जनना कळलंच पाहिजे, त्याने ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते, आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात. पुरुष मंडळी हे औषध लाजून सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हार्टवाल्या डॉक्टरांना आणि डोळ्याच्या सर्जनना विचारून ठरवायचं, बऱ्याच वेळा बंद करावीच लागत नाही. शुगर आणि बीपी आटोक्यात पाहिजे, खूप जास्त असेल तर तारीख पुढे जाते आणि ती गेलेलीच बरी.

ऑपरेशनचे प्रकार

सगळ्यांत तत्त्व एकच. आंब्याच्या सालीला समोरून गोल खिडकी करायची, कोय काढायची, गर साफ करायचा, आणि मागची साल तशीच ठेवून त्या रिकाम्या पिशवीत नवीन लेन्स बसवायची. कोय कशी काढतात यावरून नावं वेगळी.

फेको म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद, त्यातून अल्ट्रासाउंडची सुई घालून कोय आतल्या आत फोडून ओढून घेतात, मग घडी केलेली लेन्स त्याच छेदातून आत जाऊन उलगडते. टाका नाही. डोळा लवकर शांत होतो. आणि हो, यात लेझर नाही, लोक आणि कधीकधी जाहिरातीही यालाच लेझर म्हणतात.

एसआयसीएस, म्हणजे आपण बिनटाक्याचं साधं ऑपरेशन म्हणतो ते, यात छेद सहा-सात मिलिमीटरचा पण तिरका बोगद्यासारखा केलेला असतो, आपोआप मिटतो, कोय अख्खी बाहेर काढतात. शिबिरात बहुतेक हेच. याला लोक कमी समजतात ते मला पटत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात दोन्ही पद्धतींची तुलना केलेली आहे, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, ४०० डोळ्यांवर. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय फेकोवाल्यांना थोडं जास्त चांगलं दिसत होतं, पण चष्मा लावल्यावर दोन्हीकडे जवळपास सारखं. फेकोत छेद लहान असल्यामुळे सिलिंडर नंबर (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे येणारा नंबर) कमी येतो, फरक मुख्यतः तिथला. पूर्ण पिकलेल्या, काळ्या-तपकिरी कडक मोतीबिंदूला तर चांगल्या हाताचं एसआयसीएस बरेचदा जास्त सुरक्षित पडतं.

तिसरं खरं लेझरचं, फेम्टो. यात छेद, सालीची खिडकी आणि कोयीचे तुकडे लेझर करतं, पण पुढे तुकडे ओढायला फेकोचं मशीन लागतंच. खर्च बराच जास्त. साध्या मोतीबिंदूत शेवटी दिसण्यामध्ये फेकोपेक्षा मोठा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. पैसे असतील आणि सर्जन काही खास कारण सांगत असतील तर करा, "लेझर म्हणजे भारी" एवढ्यावर कर्ज काढून करू नका. माझं मत विचाराल तर पद्धतीपेक्षा सर्जनचा हात कुठल्या पद्धतीवर बसलाय ते महत्त्वाचं.

जुनं टाक्यांचं मोठ्या छेदाचं ऑपरेशन अजूनही क्वचित लागतं, गुंतागुंतीच्या डोळ्यात.

लेन्स: सगळा गोंधळ इथे आहे

काउन्सेलर मॅडम तीन-चार रंगीत तक्ते दाखवतात, भारतीय, इम्पोर्टेड, प्रीमियम, आणि मुलगा म्हणतो आईसाठी सगळ्यात महागडीच टाका. प्रेम समजतं, पण थांबा.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक वेळा ते लांबचं ठेवतात, म्हणजे टीव्ही, रस्ता, माणसांचे चेहरे चष्म्याशिवाय, आणि वाचायला चष्मा. सगळ्यात जास्त हीच वापरतात, उजेडाची स्वच्छता हिच्यात उत्तम, बिघडायला काही नाही. हिचंच थोडं सुधारलेलं रूप आता येतं, त्यात लांबसोबत ताट, ओटा, डॅशबोर्ड एवढं मधलं अंतरही जरा बरं दिसतं.

टॉरिक म्हणजे सिलिंडर नंबर घालवणारी. बुबुळालाच एक-दीडपेक्षा जास्त सिलिंडर असेल तर ही खरंच उपयोगाची, माझ्या मते प्रीमियममध्ये पैसे वसूल होणारी हीच. ती ठरलेल्या कोनात बसवावी लागते, म्हणून ऑपरेशनच्या आधी बसवून डोळ्यावर खूण करतात, क्वचित ती फिरते आणि परत सरळ करावी लागते.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल येणारा उजेड वाटून लांब, मधलं, जवळ असं दाखवतात. चष्मा बऱ्यापैकी सुटतो, पण उजेड वाटला गेल्यामुळे मंद प्रकाशात थोडं फिकं दिसतं आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बऱ्याच लोकांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. रात्रीची गाडी चालवणारे, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असलेले, डोळे फार कोरडे असलेले, आणि स्वभावाने अगदी बारीक बघणारे, यांनी हिच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. डायबेटीसने पडदा खराब झालेल्या आजीला ट्रायफोकल टाकून काही मिळत नाही, उलट जे दिसलं असतं त्यातलं थोडं जातं. ईडॉफ ही मधली वाट, लांब आणि कॉम्प्युटरचं अंतर चांगलं, बारीक अक्षराला चष्मा लागतो, कड्यांचा त्रास सहसा कमी.

मोनोव्हिजन म्हणूनही एक युक्ती आहे, साधीच लेन्स पण एक डोळा लांबसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवायचा. काहींना मस्त जमतं, काहींना चक्रावल्यासारखं होतं, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्सने किंवा चष्म्याच्या ट्रायलने बघून घ्यावं.

आता तो सुरुवातीचा कागद काढा. शिवणकाम करणाऱ्या काकू, सोनार, घड्याळजी, दिवसभर हातातलं बघणारी माणसं. त्यातल्या मायनस नंबरवाल्यांची गोष्ट तर फारच वेगळी. आयुष्यभर मायनस तीन-चार असलेला माणूस चष्मा काढून सुई ओवतो, पोथी वाचतो, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. त्याला न विचारता लांबचा झिरो नंबर करून दिला की रिपोर्टप्रमाणे ऑपरेशन एकदम यशस्वी आणि माणूस नाराज, "पूर्वी जवळचं दिसायचं ते पण गेलं". अशांना मायनस दोन-अडीच ठेवून जवळचं चष्म्याशिवाय आणि लांबला चष्मा असंही करता येतं, साध्यातल्या साध्या लेन्समध्ये, एक रुपया जास्त न देता. फक्त माप काढायच्या आधी सांगावं लागतं. दुसरीकडे बँकेत, कॉम्प्युटरवर काम करणारी पन्नाशीची बाई, डोळे निरोगी, रात्री गाडी चालवत नाही, चष्म्याचा कंटाळा, तिला ट्रायफोकल किंवा ईडॉफ शोभते.

लेन्स ठरवताना सर्जनशी पाच मिनिटं बोलायचा हट्ट धरा, फक्त काउन्सेलरवर सोडू नका. विचारायचं काय, तर माझा पडदा आणि नस चांगली आहे का, सिलिंडर किती आहे, ही लेन्स टाकल्यावर कुठल्या कामाला चष्मा लागेल. "चष्मा अजिबात लागणार नाही" अशी गॅरंटी कुणी देत असेल तर सावध व्हा. आणि कुठलीही लेन्स आतमध्ये एक्स्पायर होत नाही, ती जन्मभराची असते, स्वस्त असो की महाग.

पैसे

खासगीत एका डोळ्याचा खर्च काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो, फरक मुख्यतः लेन्सचा आणि हॉस्पिटलचा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या शिबिरांत लेन्ससकट मोफत होतं, देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात मोतीबिंदू हा मोठा भाग. मुंबईला जे.जे. मध्ये डॉ. तात्याराव लहानेंच्या काळात मराठवाड्यातून, विदर्भातून माणसं ऑपरेशनला यायची हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे, सरकारीत चांगलं होत नाही म्हणणाऱ्यांना मी तेच सांगते. शिबिरात गेलात तर एकच बघा, ऑपरेशन नोंदणीकृत हॉस्पिटलच्या थिएटरमध्ये होतंय ना, आणि नंतरच्या तपासणीला कुठे आणि कधी यायचं ते लिहून दिलंय ना.

इन्शुरन्समध्ये मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसीत दोन वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि वर प्रत्येक डोळ्याला मर्यादा असते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विम्याच्या रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातली जी कमी ती. २४ तास ॲडमिट राहायची अट इथे नसते, डे-केअरमध्ये बसतं. मल्टिफोकलचा वरचा खर्च बरेचदा देत नाहीत, म्हणून ॲडव्हान्स भरायच्या आधी कॅशलेसचं लेखी उत्तर येऊ द्या.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या दिवशी किंवा सकाळी डोक्यावरून अंघोळ करून या, नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. काजळ, पावडर, तेल काही नको. खायचं की उपाशी राहायचं ते विचारून घ्या, ठिकाणाप्रमाणे वेगळं असतं, आणि शुगरच्या गोळ्या-इन्शुलिनचं तर नक्कीच विचारा, उपाशीपोटी इन्शुलिन घेऊन चक्कर येऊन पडलेले लोक असतात. कुठला डोळा आहे ते कपाळावर खूण करतात, ती पुसू नका आणि तुम्हीही तोंडाने सांगा.

भूल बहुतेक वेळा नुसत्या ड्रॉपची, नाहीतर डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन. पूर्ण बेशुद्ध लहान मुलांना किंवा अजिबात स्थिर राहू न शकणाऱ्यांना करतात. आत गेल्यावर तोंडावर कापड येतं, फक्त डोळा उघडा, त्यामुळे घुसमटतं म्हणणाऱ्यांनी आधीच सांगा. पिवळं-तपकिरी औषध लावून डोळा साफ करतात, ते इन्फेक्शन टाळायचं सगळ्यात मोठं काम. मग वरून दिवा दिसतो, रंग हलताना दिसतात, पाणी वाहिल्यासारखं वाटतं, मशीनचा आवाज येतो. चाकू दिसत नाही, ही सगळ्यांची भीती असते. पापणी मिटेल का म्हणून घाबरू नका, ती उघडी ठेवायला क्लिप लावतात. खोकला आला तर हलायच्या आधी बोला. दहा ते वीस मिनिटं, आणि त्याच दिवशी घरी.

धोका शून्य नाही, तोही समजून सही करा. कधीकधी मागची साल फाटते, मग लेन्स दुसऱ्या पद्धतीने बसवावी लागते किंवा दुसऱ्या टप्प्यात, कोयीचा तुकडा मागे पडला तर पडद्याच्या डॉक्टरांना काढावा लागतो. बहुतेक वेळा तरीही नजर चांगली येते, फक्त वेळ लागतो. डोळ्यात पू होणं फारच क्वचित, पण झालं तर गंभीर, त्याचंच पुढे सांगते.

घरी आल्यावर

ड्रॉप हा अर्धा इलाज आहे. अँटिबायोटिक आणि सूज उतरवायचा ड्रॉप, हळूहळू कमी करत साधारण चार ते सहा आठवडे. दिसायला लागलं म्हणून दहाव्या दिवशी बंद करणारे खूप, मग सूज येऊन परत अंधुक होतं. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी ओढून एक थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, दोन ड्रॉपमध्ये पाच-दहा मिनिटं अंतर.

आठवडाभर रात्री प्लॅस्टिकचं झाकण लावून झोपायचं, झोपेत डोळा चोळला जातो म्हणून. पहिले दीड-दोन आठवडे गळ्याखालून अंघोळ, चेहरा ओल्या कपड्याने पुसायचा. जड उचलणं, विहिरीत पोहणं, चुलीचा धूर, नातवंडांची मस्ती यापासून लांब. टीव्ही, मोबाइल, वाचन, जिना चढणं, सगळं चालतं, डोळा "खर्च" होत नाही. वांगं बंद, आंबट बंद, भात बंद, हे कोण सांगतं माहीत नाही, खाण्याचं पथ्य काहीच नाही, शुगरचं असेल तेवढंच.

थोडं टोचणं, पाणी येणं, उजेड जास्त वाटणं, रंग एकदम निळसर-पांढरे दिसणं हे चालायचंच. बाहेर जाताना काळा चष्मा. पण दुखणं वाढत गेलं, लालसरपणा वाढला, आलेली नजर कमी व्हायला लागली, चिकट घाण यायला लागली, तर रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या ठिकाणी जा, इथे तासांनी फरक पडतो. विजा चमकल्यासारखं, खूप काळे ठिपके अचानक, किंवा बाजूने पडदा उतरल्यासारखं वाटलं तर तोही पडद्याचा धोका, तेव्हाही लगेच. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पक्का चष्मा महिना-दीड महिन्याने, डोळा स्थिर झाल्यावर. तोपर्यंत दोन डोळ्यांत फरक राहतो, जास्त नंबरवाल्यांना तोल गेल्यासारखं होतं, म्हणून जिन्यावर कठडा धरायला सांगा. दुसऱ्या डोळ्यालाही मोतीबिंदू असेल तर साधारण काही आठवड्यांच्या अंतराने करतात, पहिल्याचा निकाल बघून दुसऱ्या लेन्सच्या नंबरात सुधारणाही करता येते. पहिल्या डोळ्यात मल्टिफोकलच्या कड्यांनी हैराण झाला असाल तर दुसऱ्याला सही करायच्या आधी बोला, नंतर नाही.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर दिसायला लागलं की लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला, लेन्स खराब निघाली. मोतीबिंदू परत येत नाही. मागे ठेवलेली ती साल जाड होते, त्याला आमच्याकडे जाळं म्हणतात. यॅग लेझरने तिला मधे छिद्र करतात, ओपीडीत बसून, काही मिनिटांत, कापाकापी नाही, ॲडमिट नाही. इथे मात्र लेझरच. प्रेशर आणि पडदा आधी-नंतर तपासून घ्यायचा.

डिस्चार्जच्या वेळी लेन्सचं कार्ड आणि स्टिकर देतात, त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर, सिरीयल सगळं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि कागद केसपेपरला स्टेपल करा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आम्ही सगळ्यात आधी तेच मागतो.